विद्या, भांडवल आणि लस

प्रयोगशाळेत लागलेला शोध आणि दवाखान्यात मिळणारे औषध यांच्यामधील वाट लांबलचक असते. शोधातून दिडकीही हाती येत नाही अशी ती वर्षे कोणी पोसावयाची? या प्रश्नाला महाराष्ट्राने आजवर तीन उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर सरकारचे. १८९६ साली मुंबईत प्लेगाने थैमान घातले, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रयोगासाठी जागा मिळाली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगाचे जंतू वाढविले, उष्णतेने ते मारले आणि लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. पुढे १९७५ मध्ये संशोधन व उत्पादन यांची फारकत होऊन उत्पादनासाठी सरकारी मालकीचे महामंडळ निघाले.

दुसरे उत्तर पुण्याच्या एका घोडेवाल्या घराण्याचे. धनुर्वाताचे विष सौम्य करून घोड्याला थोडे थोडे टोचले, की त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते. त्या रक्तातून निराळा काढलेला रक्तरस हेच औषध. शर्यतीच्या कामातून निवृत्त झालेले पूनावालांचे घोडे यासाठी हाफकिन संस्थेकडे जात. घोडे आपले, तर औषधही आपणच का करू नये, या विचाराने सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. भांडवल घोड्यांच्या धंद्यातले; विद्या मात्र बव्हंशी हाफकिन संस्थेत मुरलेल्या माणसांची. भांडवलाचे धाडस मोठेच. तथापि त्या माणसांच्या शिक्षणाचा व अनुभवाचा खर्च जनतेच्या तिजोरीतून झाला होता, हेही तितकेच खरे.

पण श्रोतेहो, ज्याच्या दारी पागा नाही त्याने काय करावे? नसरापुरातून पुण्याला शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न हाच आहे. तिसरे उत्तर त्यांच्यासाठी आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये व्हेंचर सेंटर सुरू झाले. नवी कंपनी काढणाऱ्यास तेथे प्रयोगासाठी जागा, महागडी यंत्रे आणि पेटंटविषयी सल्ला मिळतो. २०१२ मध्ये केंद्र सरकारने 'बायरॅक' ही संस्था स्थापिली. तिच्या एका योजनेतून जैवतंत्रज्ञानातील नव्या कल्पनेस अठरा महिन्यांसाठी पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. एवढ्याने कारखाना उभा राहत नाही, चाचण्या व परवाने यांची वर्षे पुढेच असतात. परंतु कल्पना खरी की खोटी, हे मात्र कळते.

तिन्ही उत्तरांत पहिले दाणे पेरले ते समाजाने. तेव्हा पीक हाती आल्यावर औषधाची किंमत ठरविताना त्या पेरणीचे स्मरण ठेवावे, असे म्हणण्याचा समाजाला पूर्ण अधिकार आहे.