नादाचे कोष्टक

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०७ साली एम. ए. होऊन चंद्रशेखर वेंकट रामन हिशेबखात्याचे अधिकारी म्हणून कलकत्त्यास रुजू झाले. कचेरी सुटल्यावर ते वाद्यांच्या कंपनांचा अभ्यास करीत. १९१७ साली ते प्राध्यापक झाले, आणि १९२० साली त्यांनी एका सहकाऱ्यासह मृदंगाचे रहस्य मांडले. नुसत्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. मृदंगावरील शाईच्या थराने त्यांतील पहिले काही तसे जुळतात, म्हणून मृदंग सुरात बोलतो.

नादाचा रंग उपस्वरांच्या प्रमाणावर ठरतो, हेच तत्त्व पुढे यंत्रातही आले. १९५७ साली अमेरिकेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून स्वर काढविला. पुढे लाटेचे एक आवर्तन आकड्यांच्या कोष्टकात साठविण्याची रीत पडली. ते सेकंदाला २२० वेळा वाचले, की २२० कंपनांचा स्वर निघतो. परंतु एकच कोष्टक घोकणारा नाद निर्जीव वाटतो. म्हणून १९७० नंतरच्या दशकाअखेर जर्मनीतील वोल्फगांग पाल्म यांनी अनेक कोष्टकांची रांग लावून एकातून दुसऱ्यात सरकण्याची सोय केली.

मृदंगाचा नाद थाप पडताच आपोआप पालटत जातो. शाई चढविणाऱ्या कारागिराने हे एकही आकडा न मांडता साधले होते. त्याच्या हाताचा हिशेब प्रथम समजला, तो एका माजी हिशेबनिसाला.