श्वान-गुडघ्याची अस्थिपट्टी

श्वान-गुडघ्याची अस्थिपट्टी : कुत्र्याच्या मागच्या पायातील गुडघ्याचे पुढचे क्रूशिएट लिगामेंट तुटल्यावर नडगीचे हाड कापून फिरवतात. ते नव्या जागी धरून ठेवण्यासाठी हाडाच्या आतल्या अंगाला बसवायची ही धातूची पट्टी. व्यवहारात तिला ‘टीपीएलओ प्लेट’ किंवा नुसते ‘प्लेट’ म्हणतात. ही पट्टी लिगामेंट सांधत नाही आणि त्याची जागाही घेत नाही. लिगामेंटवाचून गुडघ्याचे भागेल अशा कोनात ती हाड धरून ठेवते. पट्टी किती मजबूत हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. ती कोन किती इमानाने राखते, हे पाहायचे असते.

यांत्रिकी : कुत्रा गुडघा वाकवूनच उभा राहतो आणि त्याच्या नडगीचा माथा मागच्या बाजूला सुमारे 23 ते 25 अंश उतरता असतो. पावलावर वजन पडले की मांडीचे हाड या उतारावरून मागे घसरू पाहते, म्हणजेच नडगी पुढे रेटली जाते. हा रेटा लिगामेंट अडवतो. माणसाचे लिगामेंट बहुधा खेळताना एका झटक्यात तुटते. कुत्र्याचे मात्र बऱ्याचदा आधीपासून झिजत आलेले असते आणि जिना उतरण्याच्या साध्या निमित्ताने जाते. लॅब्राडॉर, रॉटवायलर यांसारख्या वजनदार जातींत हे प्रमाण अधिक असून पुढे दुसरा पायही जाण्याची शक्यता मोठी असते.

इतिहास : हाडाला धातूची पट्टी लावण्याचे तंत्र हॅम्बुर्गच्या हान्समान यांनी 1886 मध्ये प्रसिद्ध केले. 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘एओ’ या शल्यकारांच्या गटाने त्याला शिस्त लावली. कुत्र्याच्या गुडघ्यासाठी 1952 मध्ये पात्सामा यांनी मांडीच्या आवरणाची पट्टी सांध्यातून ओवण्याची रीत सांगितली होती. ‘लिगामेंट सोडा, उतार बदला’ हा विचार अमेरिकेतील ऑरेगन राज्याचे बार्कले स्लोकम यांचा. नडगी पुढे रेटली जाण्याची मीमांसा त्यांनी 1980 नंतरच्या काही वर्षांत मांडली आणि माथा फिरवण्याची ‘टीपीएलओ’ ही शस्त्रक्रिया 1993 मध्ये प्रसिद्ध केली. ही पद्धत पेटंटखाली होती, त्यामुळे सुरुवातीला ती त्यांच्याकडे प्रशिक्षण घेतलेल्यांपुरतीच राहिली. 2002 मध्ये झुरिकच्या मोंटाव्हॉन व टेपिक यांनी माथ्याला हात न लावता पुढचा उंचवटा सरकवण्याची ‘टीटीए’ ही वेगळी पद्धत आणली. दोहोंत सरस कोणती, यावर एकमत नाही.

अभिकल्प : गोलाकार पात्याच्या करवतीने माथ्याचा तुकडा वेगळा करून तो उतार सुमारे 5 अंशांवर येईपर्यंत फिरवतात. उतार 25 अंश आणि पात्याची त्रिज्या 24 मिमी असेल, तर 20 अंश फिरवण्यासाठी तुकडा कापाच्या रेषेवर जवळजवळ 8.4 मिमी सरकवावा लागतो. शल्यकार हाडावर दोन खुणा करून हे अंतर मोजतो. पट्टीचे काम त्यानंतर सुरू होते आणि नेमके तिथेच जुनी पट्टी घात करी. साध्या पट्टीचा स्क्रू आवळला की हाड पट्टीकडे ओढले जाते. पट्टीचा बाक हाडाशी तंतोतंत जुळत नसेल, तर मोजूनमापून बसवलेला तुकडा शेवटच्या दोन फेऱ्यांत हलतो.

लॉकिंग पट्टीत स्क्रूच्या डोक्याला आटे असतात आणि ते पट्टीच्या भोकातल्या आट्यांत बसतात. हाड ओढले जात नाही. पट्टी हाडापासून किंचित दूर राहिली तरी चालते. त्याबदल्यात स्क्रूची दिशा शल्यकाराच्या हातातून अभिकल्पकाच्या हातात जाते. वरच्या तुकड्यात जेमतेम तीन स्क्रूंना जागा असते. एका बाजूला सांध्याची कूर्चा आणि दुसऱ्या बाजूला करवतीचा काप, दोन्ही टाळायचे असल्याने प्रत्येक भोक वेगवेगळ्या दिशेला काही अंश तिरके ठेवावे लागते. अशा भोकात आटे टॅपने पाडत नाहीत. बहुअक्षीय सीएनसी यंत्रावर थ्रेड-मिलिंगने पाडतात. भोक चुकीच्या कोनात गेले तर कितीही चांगले पोलाद वापरले तरी पट्टी वाया. खालच्या भागात एक लांबट भोकही ठेवतात. त्यातला स्क्रू आवळताना कापाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबल्या जातात.

जाडीचा हिशेब सरळ आहे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 3 मिमीऐवजी 3.5 मिमी जाडी घेतली की ताठरपणा सुमारे 59 टक्क्यांनी वाढतो. पण नडगीच्या आतल्या अंगाला मांस जवळपास नसतेच, त्यामुळे जाड पट्टी कातडीखाली बोटाला लागते. भोकांपाशी पट्टी सर्वांत कमकुवत, म्हणून तिथे कडेने धातू फुगवून ठेवतात. लॉकिंग भोकापाशी पट्टी वाकवली तर आटे बिघडतात. तिचा बाक त्यामुळे कारखान्यातूनच द्यावा लागतो आणि डाव्या-उजव्या पायाच्या पट्ट्या वेगळ्या कराव्या लागतात. बाक तपासण्यासाठी वाळवलेली हाडे किंवा सीटी स्कॅनवरून 3डी प्रिंट केलेल्या प्रतिकृती वापरतात.

धातू : ISO 5832-1 प्रतीचे 316एल पोलाद, क्वचित टायटॅनियम. यंत्रकामानंतर बर काढणे, इलेक्ट्रोपॉलिश, आम्लात पॅसिव्हेशन, लेझरने क्रमांक कोरणे. सुरुवातीच्या ओतीव पट्ट्यांच्या धातुरचनेवर नंतर आक्षेप घेतले गेले. त्यांचा गाठींशी जोडला गेलेला संबंध सिद्ध मानला जात नाही.

पुणे : भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांसाठी उभी राहिलेली टूलरूम आणि जॉबवर्कची परंपरा या कामाला जवळची आहे. मानवी अस्थिरोपणाचा उद्योगही शहराला नवा नाही. सुश्रुत सर्जिकल्स व अ‍ॅडलर मेडिइक्विप यांनी देवरुखजवळच्या साडवलीत पट्ट्या-स्क्रूंचे उत्पादन उभे केले. 2013 मध्ये हा व्यवसाय स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने घेतला. अस्थिशल्यकार डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय बैठकीचा विचार करून ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला. आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’ या वैद्यकीय उपकरण केंद्राची शाखा पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत आहे. पशुवैद्यकाचे शिक्षण मात्र शहराबाहेर, सातारा रस्त्यावर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालयात (1988). अभिकल्पक आणि शल्यकार यांच्यातले हे अंतर महामार्गावर फार नाही, पण पट्टीच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. भोकाच्या कोनाची तक्रार ऑपरेशन टेबलावरच कळते.

नियमन : 11 फेब्रुवारी 2020 च्या केंद्रीय अधिसूचनेतील वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत ‘माणसे किंवा प्राणी’ असा उल्लेख असून ती 1 एप्रिल 2020 पासून लागू झाली. ऑगस्ट 2017 मधील गुडघा-रोपणाची दरमर्यादा मानवी कृत्रिम सांध्यांसाठी होती.

शुश्रूषा : काही आठवडे पट्ट्याला बांधूनच फिरवणे, हाड जुळल्याची खात्री क्ष-किरण चित्राने.

लहान जाती : पोमेरेनियनसारख्या कुत्र्यांत लिगामेंटपेक्षा वाटी सरकण्याचा विकार अधिक. त्यात मांडीच्या हाडातली वाटीची खाच खोल करून व नडगीचा पुढचा उंचवटा सरकवून पिनने बांधल्यावर भागते. पट्टी सहसा लागत नाही.