१२७ विरुद्ध १०८

मादाम भिकाजी कामा यांनी १९०७ साली जर्मनीत भारताचा झेंडा फडकवला, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं. तो झेंडा आज पुण्यात, केसरीवाड्यात आहे. पण ती सभा कोणाची होती? श्टुटगार्टला भरलेलं ते दुसऱ्या इंटरनॅशनलचं, म्हणजे देशोदेशीच्या समाजवादी पक्षांच्या संघटनेचं अधिवेशन होतं. कामाबाई तिथे न्याय मागायला गेल्या होत्या.

त्याच अधिवेशनात एक वाद पेटला होता. वसाहती मुळातच अन्याय्य आहेत, की समाजवाद्यांच्या हाती सत्ता आल्यावर त्या ‘चांगल्या’ चालवता येतील? हॉलंडचे वान कोल दुसऱ्या मताचे. पूर्वी ते जावा बेटावर इंजिनिअर होते. जर्मनीचे बर्नश्टाइनही त्यांच्याच बाजूने. कार्ल काउट्स्कींनी कडाडून विरोध केला. अखेर वसाहतींना दार उघडं ठेवणारी भूमिका १२७ विरुद्ध १०८ मतांनी पडली.

जगातल्या कामगारांनो एक व्हा म्हणणाऱ्यांच्या सभेत फरक फक्त १९ मतांचा!

मतं देशवार मोजली जात. मोठ्या देशांना प्रत्येकी २०. जर्मनीची मतं वान कोल यांच्या बाजूने गेली. पारडं फिरवलं ते रशियाने आणि वसाहती नसलेल्या छोट्या देशांनी. तिथे हजर असलेल्या लेनिनने हे टिपून ठेवलं. त्याचा निष्कर्ष असा, की वसाहतींच्या लुटीचा थोडा वाटा युरोपातल्या कामगारांपर्यंतही पोचतो आणि मग त्यांचे विचार बदलतात.

युद्ध टाळण्यासाठी सगळं बळ लावू, असा ठरावही याच अधिवेशनात झाला. त्याची परीक्षा सात वर्षांत आली. ३१ जुलै १९१४ला युद्धविरोधी फ्रेंच नेते जाँ जोरेस यांची पॅरिसमध्ये हत्या झाली. ४ ऑगस्टला जर्मन संसदेतल्या सर्वांत मोठ्या पक्षाने, म्हणजे समाजवाद्यांनी, युद्धकर्जाला पाठिंबा दिला. आदल्या दिवशी पक्षाच्या बैठकीत ७८ जण बाजूने, १४ विरोधात होते. सभागृहात मात्र पक्षशिस्त जिंकली. झारशाहीपासून देश वाचवायचा आहे, असं जर्मन समाजवादी म्हणाले. कैसरपासून वाचवायचा आहे, असं फ्रेंच म्हणाले.

या दोन मतदानांची सरळ रेघ जोडता येत नाही. फ्रान्सचे ज्यूल गेद कट्टर मार्क्सवादी, तरी १९१४मध्ये युद्धकालीन सरकारात मंत्री झाले. उलट, बर्नश्टाइन पुढे युद्धकर्जाच्या विरोधात गेले. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. दुसऱ्याच्या राष्ट्रवादातला खोटेपणा प्रत्येकाला लख्ख दिसत होता. आपल्याच देशाचा स्वार्थ मात्र ‘प्रगती’ नाहीतर ‘संरक्षण’ अशा सभ्य नावाने समोर येत होता.

२ डिसेंबर १९१४ला युद्धकर्जावर पुन्हा मतदान झालं. त्या दिवशी कार्ल लीबक्नेख्त या एकट्या खासदाराने विरोधात मत दिलं. खरा शत्रू आपल्याच देशात आहे, हे तो पुढे उघड सांगू लागला. त्याची किंमत त्याने तुरुंगात मोजली.

आंतरराष्ट्रीयता म्हणजे दूरच्या देशातल्या अन्यायावर सही करणं नव्हे. ते सोपं असतं. आपल्या देशाच्या फायद्याचा ठराव समोर येतो आणि आजूबाजूचे सगळे हात वर जातात, तेव्हा आपला हात खाली राहतो का, एवढंच तिथे मोजलं जातं.