लाईनची कुळकथा

जयसिंगपुरात गावाआधी लाईन आली. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 साली सुरू झाली, तेव्हा इथे जयसिंगपूर नव्हतं. शिरोळ रोड नावाचं स्टेशन होतं. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये त्या स्टेशनालगत व्यापारपेठ वसवली आणि तिला आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि गल्ल्यांना नंबर. आजही इथला माणूस पत्ता सांगताना 'सातवी गल्ली', 'अकरावी गल्ली' असंच सांगतो.

असं काम दोरी लावल्याशिवाय होत नाही. गवंडी तिला लाईनदोरी म्हणतो. दोन्ही कोपऱ्यांवरच्या विटा ओळंब्यात बसवायच्या, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि मधली प्रत्येक वीट दोरीपासून केसभर आत ठेवायची. एक जरी वीट दोरीला टेकली तरी दोरी ढळते आणि सगळा थर वाकडा जातो. लाईन या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ गवंड्याच्या या जोडशब्दात टिकून आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस, आणि जवसाच्या ताटाचा धागा किंवा दोरी म्हणजे 'लिनिआ'. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत गेला. लिनन कापडाचं कूळही तेच. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीशी खातो, त्याच झाडाचा हा शब्द.

मराठीला त्याची गरज का पडली? ओळ, रांग, रेघ, रेषा, दोरी हे शब्द घरात होतेच. शिरोळ तालुक्यातल्या उसाच्या शेतात उभं राहिलं की उत्तर सापडतं. तिथे सरीला कुणी लाईन म्हणत नाही. सरी ती सरीच. पण नदीवरून शेतात पाणी आणणारा पाईप म्हणजे लाईन. कृष्णा-पंचगंगेच्या काठापासून लांबच्या माळापर्यंत अशा लाईनी जमिनीखालून गेल्या, म्हणून माळावर ऊस उभा राहिला. 'त्यांनी नदीवरनं लाईन आणलीय' या वाक्यात त्या घरची ऐपत कळते, आणि 'लाईन फुटली' म्हटलं की हातातलं काम टाकून माणसं धावतात. वीजही लाईनच. मोटारीच्या पेटीवरचे तिन्ही दिवे लागले की लाईन आली. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, बॅटरी घेऊन पाणी पाजायला निघायचं. त्या अंधारात साप-विंचवाच्या वाटेने चालणाऱ्या माणसाला या शब्दाचं मोल विचारावं. घरात दिवे गेले तर 'लाईट गेली' म्हणणारा हाच माणूस शेतात 'लाईन गेली' म्हणतो.

आपल्या हाताने आखलेल्या गोष्टींना शेतकऱ्याने आपलेच शब्द ठेवले. लांबून, दुसऱ्या कुणाच्या हातून येणाऱ्या रेल्वेला, विजेला, पाण्याला मात्र लाईन हे नाव दिलं. आणि घेतलं तेही आपल्या व्याकरणात बसवून. ओळ, रांग, दोरी यांच्यासारखी ती स्त्रीलिंगी झाली, अनेकवचनात लाईनी झाली, रेशन दुकानापुढे लायनीत उभी राहिली.

पुढे तिचा पसारा वाढत गेला. पोलिसांच्या घरांची वसाहत पोलीस लाईन झाली, बिघडलेला पोरगा लाईनीवर येऊ लागला, लांबच्या फेरीवर गेलेला ट्रक 'लाईनला' गेला. कॉलेजच्या पोरांनी 'लाईन मारणे' काढलं. इंग्रजीत धंद्याला लाईन म्हणतात, तो अर्थ तर आपण इतका मुरवला की सोयरीक ठरवताना वडीलधारी माणसं पहिल्यांदा तोच प्रश्न करतात: 'पोरगं कुठल्या लाईनला आहे?' उत्तर मेडिकल लाईन असो, कापड लाईन असो की ट्रान्सपोर्ट लाईन, पुढची बोलणी त्यावर चालतात.