दुधाची नदी

दिल्लीत निजामुद्दीन अवलियांच्या दर्ग्यालगत अतगा खानाचा लाल दगडाचा व संगमरवराचा लहानसा, परंतु अत्यंत देखणा मकबरा आहे. जवळच त्याचा मुलगा मिर्झा अजीज कोका ‘चौसष्ट खांबा’ या वास्तूत चिरनिद्रा घेत आहे. मेहरौलीस अधम खानाचा मकबरा आहे, आणि जुन्या किल्ल्यासमोर त्याची आई माहम अनगा हिने बांधविलेली खैर-उल-मनाझिल मशीद. या चारही वास्तूंचा उगम एका तान्ह्या मुलाच्या भुकेत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती वाटेल. परंतु ते बरेचसे खरे आहे.

ते मूल म्हणजे अकबर. राज्य गमावून वणवण फिरणाऱ्या हुमायूनच्या या पुत्राचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधील अमरकोट येथे झाला. राजघराण्यात मुलाला दाई ठेवण्याचा रिवाज होता. दाईला ‘अनगा’, तिच्या पतीला ‘अतगा’ आणि दूधभावाला ‘कोका’ म्हणत. राजपुत्राला पाजण्याचा मान जीजी अनगा हिला मिळावयाचा होता. पण ती स्वतःच अद्याप बाळंत झाली नव्हती! तेव्हा आधी आईने आणि मग इतर स्त्रियांनी बाळाला पाजले, असे अबुल फज्ल लिहितो. पुढे जीजीचा पती अतगा खान वकील म्हणजे प्रधान झाला. हा उत्कर्ष माहम अनगाच्या कुटुंबाला सहन झाला नाही. १५६२ साली अधम खानाने आग्ऱ्याच्या राजवाड्यात अतगा खानाचा खून केला आणि अकबराने त्याला गच्चीवरून खाली फेकविले. अजीज कोकाचे मात्र अनेक अपराध पोटात घातले गेले. १५९३ साली तो परवानगीवाचून मक्केस निघून गेला, तरी परतल्यावर त्याला क्षमा मिळाली. आपल्या दोघांमध्ये दुधाची नदी आहे, ती आपल्याला ओलांडवत नाही, असे बादशहा म्हणत असे.

बाळंतपणानंतर भरपूर दूध येण्यास दोन-तीन दिवस लागतात, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. तीन किंवा चार रात्रींनंतर स्तन्य वाहू लागते, असे सुश्रुत सांगतो, आणि तोवर मध व तूप चाटविण्यास सुचवितो. निरीक्षण अचूक होते. चूक झाली ती मधला काळ रिकामा मानण्यात. वार पडल्यावर गर्भारपण टिकविणारे प्रोजेस्टेरॉन उतरते आणि प्रोलॅक्टिनचे काम सुरू होते. तोवर जो घट्ट, पिवळसर चीक येतो, तो चमचा-दोन चमचेच असला तरी नवजात बाळाच्या इवल्या पोटाला तेवढा पुरतो, आणि रोगापासून संरक्षणही देतो. तोच ‘नासका’ म्हणून पिळून टाकण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालू होती.

७२ तासांनंतरही पान्हा फुटला नाही, तर त्याला विलंब म्हणतात. पहिलटकरीण, शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती, मधुमेह, लांबलेल्या वेणा, अतिरक्तस्राव ही त्याची नेहमीची कारणे होत. खरा घात त्यानंतर होतो. घर घाबरते, बाटली येते, पोट भरलेले मूल आईला ओढीत नाही. आणि न ओढल्यामुळे दूध आणखी आटते. मग सासू आणि शेजारीण एकमुखाने निर्णय देतात की हिला दूधच नाही. प्रसूत झालेल्या स्त्रीला त्या दिवसांत याहून कठोर शब्द क्वचितच ऐकावा लागत असेल. बादशहाच्या पोराला पाजण्यास स्त्रियांची रांग होती. सामान्य घरातील मुलाच्या वाट्याला मधाचे बोट आणि गढूळ पाणी येई, व त्यातून जुलाब.

मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दिल्लीत अशी पेढी लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात २०१७ साली ‘वात्सल्य मातृ अमृत कोश’ या नावाने निघाली. दात्या मातांचे दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवतात आणि ते प्रामुख्याने अपुऱ्या दिवसांच्या व आजारी बालकांना देतात. तथापि पेढीचे काम एवढ्यावर संपत नाही. शेजारीच समुपदेशन चालते: बाळाला वारंवार छातीशी कसे धरावे, दूध हाताने वा पंपाने कसे काढावे, हे आईला शिकविले जाते. तिचा स्वतःचा पान्हा आला, की बाळाला पेढीच्या दुधाची गरज उरत नाही.