दूरध्वनी वाहिनीचे वीजसंरक्षण (पुणे शहर)

आकाशातील विजेमुळे दूरध्वनीच्या तारांवर क्षणभर चढणाऱ्या अतिदाबापासून (सर्ज) फोन, मोडेम व एक्स्चेंजमधील यंत्रणा वाचवण्याची व्यवस्था. पुण्यात तिची कसोटी लागते ती एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात. जुलै-ऑगस्टची संततधार त्या मानाने निरुपद्रवी.

वीज तारेवरच पडावी लागते असे नाही. आसपास पडली तरी तांब्याच्या तारांच्या लांबलचक जोडीत प्रवर्तनाने हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. एरवी त्या जोडीवर ४८ व्होल्ट, घंटी वाजताना सुमारे ७५ व्होल्ट असतात. एक्स्चेंजमध्ये बाहेरची केबल आधी मुख्य वितरण चौकटीवर (एमडीएफ) येते. तेथे जोडीगणिक गॅस डिस्चार्ज ट्यूबचे मॉड्यूल खोचतात. सामान्यतः २३० व्होल्टच्या आसपास नळीतील वायू वाहक होतो, लोट अर्थिंगमध्ये उतरतो आणि नळी पूर्ववत होते.

ग्राहकाच्या टोकाचा प्रश्न अधिक अवघड. जुना डायलचा फोन केवळ टेलिफोनच्या तारेवर चाले. ब्रॉडबँडचा मोडेम मात्र फोन आणि घरची वीज अशा दोन्हींना बांधलेला. दोहोंची अर्थिंग वेगळी असली की वीज पडताच त्यांच्या दाबात प्रचंड तफावत पडते आणि ती मोडेममधूनच वाट काढते. दोन्ही वाहिन्यांचे संरक्षक एकाच अर्थिंगला, तेही आखूड तारेने जोडणे हाच खरा उपाय. मीटरभर तारेचे प्रवर्तकत्व सुमारे १ मायक्रोहेन्री. मायक्रोसेकंदाला १ किलोअँपिअर या वेगाने वाढणारा प्रवाह तेवढ्या तारेवर १,००० व्होल्ट उभे करतो. तीन मजले वळसे घेत उतरलेल्या अर्थवायरपुढे महागडा प्रोटेक्टरही लंगडा.

पुण्यात चांगली अर्थिंग मिळणेही कठीण. शहराखाली बेसॉल्ट आहे. टेकड्यांच्या उतारावर थोडा मुरूम खणला की कातळ लागतो, आणि कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा नेमका वळवाच्या तोंडावर कोरडा ठणठणीत असतो. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला हवे. सोसायट्यांच्या कामांच्या यादीत ते बहुधा नसते.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप २० ते ४० किमी परिघातील विजांची सूचना देते. गडगडाट जवळ येण्यापूर्वीच वीज व फोन, दोन्ही पिना काढून ठेवणे हा बिनखर्ची उपाय.

तांब्याऐवजी फायबरची जोडणी असेल, तर तिचा काचतंतू वीज वाहत नाही. मात्र काही फायबर केबलींत आधाराची पोलादी तार असते, आणि राउटरचा अडॅप्टर विजेच्या बोर्डावरच असतो. तेवढ्यापुरता धोका उरतो.