लिहावे किती, राखावे किती

स्वारगेटच्या स्थानकावरून एस.टी.ने आपण पुष्कळदा गेला असाल. तिकीटयंत्रे येण्यापूर्वी वाहक टप्प्याटप्प्यावर तिकिटांचे क्रमांक वेबिलावर मांडीत असे. पुरा हिशेब मात्र आगारात होई. प्रत्येक तिकिटामागे तो आगाराकडे धावला असता, तर गाडी पुढे सरकलीच नसती. आणि वाटेत काहीच टिपले नसते, तर हिशेब कशावरून लावावयाचा?

आधी टिपण, मग पक्की नोंद, ही रीत आपल्याकडे जुनीच. पेशवाईच्या दप्तरात रोजचा व्यवहार रोजकीर्दीत चढे, आणि कीर्दीवरून खतावणी होई. गणेश चिमणाजी वाड यांनी त्या दप्तरातून निवडलेल्या रोजनिशांवर न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली निबंध लिहिला, तो या कीर्दी जपल्या गेल्या म्हणूनच.

संगणकाच्या तबकडीने हीच रीत उचलली. पूर्वी लिहिता लिहिता वीज गेली, की सारी तबकडी तपासावी लागे. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ साली लिनक्ससाठी कीर्दीची योजना मांडली. २००१ साली ती 'एक्स्ट-थ्री' या नावाने लिनक्समध्ये दाखल झाली. आता वीज आली, की कीर्द वाचून अपुरे काम पुरे करावयाचे!

पण सुरक्षिततेला मोल पडते. तीच गोष्ट दोनदा लिहावी लागते, आणि फ्लॅशच्या पेशी तर ठराविक वेळाच पुसून लिहिता येतात. म्हणून काटकसर आली. मजकूर कीर्दीत न घालता थेट जागेवर लिहावा आणि कीर्दीत केवळ त्याचा ठावठिकाणा घ्यावा. नोंदीही पाच-पाच सेकंदांनी एकत्र कराव्यात. याहून मौजेची एक गोष्ट होती. फाइल नुसती वाचली, तरी वाचल्याची वेळ लिहिली जाई. ग्रंथालयात पुस्तक चाळले, तरी ग्रंथपालाने नोंदवही उघडावी, तसा हा प्रकार! २००९ पासून लिनक्समध्ये, फाइल बदलल्यानंतरचे पहिले वाचन असेल किंवा मागील नोंदीला दिवस लोटला असेल, तेव्हाच ही वेळ लिहिली जाऊ लागली.

त्याच वर्षी काटकसरीची दुसरी बाजूही दिसली. 'एक्स्ट-फोर' मजकूर काही काळ स्मृतीतच थोपवून धरी. मध्येच यंत्र बंद पडले, तेव्हा कित्येकांच्या फायली नावापुरत्या उरल्या. आत एक अक्षरही नव्हते. थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे, की महत्त्वाचा मजकूर तबकडीवर उतरविण्याची आज्ञा कार्यक्रमानेच द्यावयास हवी. तरीही जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवताना मजकूर आधी उतरावा, अशी तजवीज त्यांनी केली.

तात्पर्य, वाचल्याची नोंद टाळणे ही काटकसर होय. माणसाने लिहिलेला मजकूर रेंगाळत ठेवणे ही जोखीम होय. कोणती नोंद हरवली तर चालेल आणि कोणती हरवली तर माणूस बुडेल, हा भेद उत्तम कारकुनाला कळत असे. यंत्राला तो आपणच शिकवावयाचा आहे.